क्रूझवर सुइट घ्यायचाय? जागा अशी निवडा

क्रूझचं बुकिंग करताना पुण्यातला माणूस एजंटला दोन गोष्टी हमखास विचारतो: रेट काय, आणि व्हेज जेवण मिळेल ना? दोन्ही रास्तच. पण साध्या बाल्कनीच्या खोलीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून सुइट घेणार असाल, तर तिसरा प्रश्न विचारायलाच हवा: खोली नंबर कोणता, आणि तिच्या वर, खाली, शेजारी काय आहे? कोथरूडला फ्लॅट बघताना गच्चीखालचा मजला, लिफ्टला लागून असलेली भिंत, पश्चिमेचं ऊन यांची आपण खोदून खोदून चौकशी करतो. इथेही तीच करायची. फरक इतकाच की ही इमारत हलते.

पहिली पायरी: तीन मजल्यांचे नकाशे काढा

प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर जहाजाचा डेक प्लॅन असतो. आपल्याच जहाजाचा आणि आपल्या तारखेला लागू असलेलाच प्लॅन घ्या. दुरुस्तीसाठी जहाज गोदीत गेलं की खोल्या वाढतात, हॉटेलं हलतात, आणि जुने प्लॅन इंटरनेटवर फिरत राहतात.

आधी जहाजाचं तोंड कुठे आहे ते बघा. तोंड कागदाच्या वरच्या बाजूला असेल तर डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड. तोंड डावीकडे असेल तर खालची बाजू पोर्ट. सम-विषम नंबरांवरून बाजू ओळखायला जाऊ नका, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी.

आता आपल्या मजल्यासोबत एक वरचा आणि एक खालचा मजला उघडा आणि लिफ्टचे चौकोन जुळवून तिन्ही एकावर एक लावा. बऱ्याच जहाजांवर १३ नंबरचा मजला नसतो, १२ च्या वर थेट १४ येतो. तिथे गल्लत होते. वर खोल्या, खाली खोल्या, दोन्ही बाजूंना खोल्या असा सुइट सापडला, तर निम्मं काम झालं.

प्लॅनवरचे पांढरे, नाव नसलेले चौकोन मात्र नीट बघा. ते रिकामे नसतात. तिथे स्वयंपाकघर, भांडी धुण्याची जागा, चादरींचं भांडार किंवा कर्मचाऱ्यांची लिफ्ट असते. रात्री दीड वाजता ट्रॉलीची चाकं दाराच्या उंबऱ्यावरून खडखडत जातात ती इथूनच.

हलण्याचं गणित

जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. एक, पुढचं टोक वर जातं आणि मागचं खाली, सी-सॉसारखं. दोन, डावी-उजवीकडे झुलणं. पहिल्यात सर्वांत कमी हलतो तो मधला भाग, दुसऱ्यात खालचे मजले.

आकड्यांत बघू. ३०० मीटर लांबीचं जहाज फक्त एक अंशाने पुढे-मागे कललं, तर मध्यापासून १५० मीटरवरचं टोक सुमारे अडीच मीटर वर किंवा खाली जातं. मध्यापासून ३० मीटरवरच्या खोलीत तेच हलणं जेमतेम अर्धा मीटर. आडव्या झुलण्यातही तसंच: तीन अंशांच्या झुकावात झुलण्याच्या अक्षापासून ३० मीटर उंचीवरची खोली दीड मीटर बाजूला सरकते, १० मीटरवरची अर्धा.

आजच्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते आडवं झुलणं बरंच कमी करतात, पण पुढच्या-मागच्या आपटण्यावर त्यांचा इलाज नाही. एजंट "स्टॅबिलायझर आहेत, काही जाणवत नाही" म्हणतो तेव्हा अर्धंच खरं सांगत असतो.

मोठ्या सुइटची गोची इथेच आहे. ते बहुधा वरच्या मजल्यांवर, आणि बरेचदा अगदी पुढे किंवा अगदी मागे असतात, म्हणजे जिथे जहाज सर्वांत जास्त हलतं तिथे. घरात कोणाला घाटात गाडी लागत असेल, तर वरच्या कोपऱ्यातल्या भव्य सुइटपेक्षा मधल्या मजल्यावरचा, जहाजाच्या मध्यावरचा छोटा ज्युनियर सुइट घ्या. पैसेही वाचतील.

समुद्र कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. मलाक्काची सामुद्रधुनी, अलास्काचा आतला जलमार्ग, नॉर्वेच्या खाड्या इथे पाणी एरवी शांत असतं. टोकाचा सुइट खुशाल घ्या. उत्तर अटलांटिक किंवा पावसाळ्याच्या तोंडावरचा अरबी समुद्र असेल, तर मध्य सोडू नका. शाळांना सुट्टी म्हणून मेअखेरची तारीख धरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आवाज कुठून येतो

पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालचा मजला सर्वांत फसवा. उंच असल्यामुळे प्लॅनवर भारदस्त दिसतो, पण पहाटे कर्मचारी डेक धुऊन आरामखुर्च्या ओढून रांगेत लावतात आणि पोलादी डेकमधून तो खरखराट थेट उशाशी येतो. तलावाच्या मजल्यापासून निदान दोन मजले खाली या. नाइटक्लब, नाटकगृह आणि जॉगिंग ट्रॅक वर किंवा खाली असेल तर तोच नियम. कसिनोजवळ धुराचा वासही येतो.

पुढच्या टोकाच्या खालच्या मजल्यांवर बाव थ्रस्टरचा त्रास असतो. जहाज धक्क्याला लावताना हे आडवे पंखे फिरतात आणि भिंती थरथरतात, तेही बहुतेक सकाळी सहा-सातला. लहान बंदरात जहाज बाहेर उभं करून होड्यांनी माणसं नेतात, तिथे नांगराची साखळी सुटल्याचा धडधडाट वेगळा. मागच्या टोकाच्या खालच्या मजल्यांवर जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांचं कंपन असतं. वर जाल तसं ते कमी होतं.

शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर प्लॅनवर त्याची खूण असते. दोन खोल्या आपल्याच कुटुंबाच्या असतील तर ते दार वरदान आहे, नाहीतर शेजाऱ्यांचं खोकणंही ऐकू येतं. एकत्र जाणाऱ्यांसाठी आणखी एक सोय: सलग सुइट घेतले तर बऱ्याच जहाजांवर बाल्कन्यांमधला पडदा सेवकाला सांगून उघडून घेता येतो.

पुढचा, मागचा की मधला?

तोंडावरच्या सुइटमधून कप्तानाला दिसतं तेच दृश्य दिसतं, हे खरं. पण रात्री पडदे बंद ठेवायला सांगतात, कारण खोलीतला उजेड ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतून, बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो. जहाज वेगात असताना बाल्कनीत वाऱ्यामुळे बसवत नाही. काही जहाजांवर पुढच्या बाल्कन्यांचा कठडा काचेचा नसून पत्र्याचा असतो. उभं राहिलं तर समुद्र, बसलं तर पत्रा. फोटो मागवून खात्री करा.

अगदी मागचा, विशेषतः कोपऱ्यावरचा सुइट आमच्या मते शांत समुद्रात पैसे वसूल करणारा. बाल्कनी दोन बाजूंनी वळलेली, वारा कमी, मागे फेसाळणारी पांढरी वाट. तोटे तीन: चालणं फार, चिमणीची काजळी कधीकधी खुर्च्यांवर बसते, आणि वरच्या मजल्यांवरून बाल्कनीत डोकावता येतं.

मधला सुइट फार देखणा नसतो, पण चुकत नाही. इथे एकच तपासा: समोर बचावाच्या होड्या टांगलेल्या नाहीत ना? दृश्याला अडथळा असल्याची नोंद प्लॅनवर असते, ती बारीक अक्षरांत.

एमएससी कंपनीचा यॉट क्लब, नॉर्वेजियन कंपनीचा हेवन किंवा गेंटिंग ड्रीम जहाजावरचा पॅलेस अशा वेगळ्या सुइट-विभागात जागा आपोआप ठरते. तिथे विभागाच्या आतला नंबर निवडायचा. वरच्या सामायिक डेकखालचा टाळा, विभागाच्या लाउंजच्या भिंतीला लागूनचाही.

डावी की उजवी

जाऊन-येऊन त्याच मार्गाने परतणाऱ्या सफरीत बाजूला फारसा अर्थ नाही. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डावीकडे आणि मावळता सूर्य उजवीकडे, परतताना उलट. जहाज रात्री आणि किनाऱ्यापासून दूर चालतं, त्यामुळे किनाऱ्यासाठी बाजू निवडू नका. संध्याकाळचा चहा बाल्कनीत घ्यायचाय की दुपारचं ऊन टाळायचंय, एवढंच ठरवा. एकतर्फी सफरीत मात्र फरक पडतो: व्हँकूव्हरहून उत्तरेला अलास्काकडे जाताना मुख्य किनारा उजवीकडे राहतो. ग्लेशियर बेमध्ये हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवतात, तेव्हा दोन्ही बाजूंना दिसतं. बंदरात कोणती बाजू धक्क्याला लागेल याचा भरवसा धरू नका.

आजी-आजोबा सोबत असतील तर

आयकॉन ऑफ द सीज हे जहाज ३६५ मीटर लांब आहे. एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाच्या जेवणघरात दिवसातून तीनदा गेलं-आलं की दोन किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्टपासून पाच-सहा दारं दूर असलेली खोली योग्य. लिफ्टला अगदी चिकटून नको, तिथे रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. आणि ज्या लिफ्टजवळ खोली घ्याल, ती मुख्य जेवणघरापर्यंत जाते का, हे प्लॅनवर बोट ठेवून बघा. मागच्या बाजूला जेवणघर असेल तर पुढच्या लिफ्टचा उपयोग नाही.

बुकिंग पक्कं करताना

"गॅरंटी" नावाचा स्वस्त दर म्हणजे सुइटचा प्रकार पक्का, पण नंबर कंपनी देणार. वर सांगितलेली सगळी मेहनत त्यात वाया जाते. जागेची फिकीर असेल तर तो घेऊ नका. दुसरा सापळा अपग्रेडचा. सफरीच्या काही दिवस आधी "अभिनंदन, वरचा सुइट मिळाला" असा निरोप येतो आणि वरचा म्हणजे तलावाखालचा निघतो. काही कंपन्या बुकिंगवर "अपग्रेड नको" अशी नोंद करून घेतात. एजंटला ती करायला सांगा.

एजंटला फोनवर नव्हे, ईमेलवर तीन खोली नंबर पसंतीच्या क्रमाने लिहून द्या आणि एवढं लेखी मागा: मिळालेला नंबर, कठडा काचेचा की पत्र्याचा, दृश्याला अडथळा आहे का, शेजारच्या खोलीत उघडणारं दार आहे का. आगाऊ रक्कम भरण्याआधी तो नंबर पुन्हा एकदा तिन्ही मजल्यांच्या नकाशांवर ठेवून बघा.

जहाजावर चढल्यावर खोलीत काही खटकलं तर पहिल्या तासाभरात रिसेप्शनला सांगा. जहाज भरलेलं असेल तर बदल मिळणं अवघड, पण कोणी आलंच नाही म्हणून सुटलेल्या खोल्या जहाज निघाल्यावर कळतात, आणि त्या आधी नाव दिलेल्यांना मिळण्याची शक्यता जास्त.