किंमत मशीनवर सोडण्याआधी तळ ठरवा

आमचं म्हापशाला काजूचं दुकान, ऑनलाइन विक्री मी बघते. ऑटोमॅटिक किंमत लावायची, म्हणजे आपण दिलेल्या नियमाने साइटच्या सॉफ्टवेअरने किंमत आपोआप वर-खाली करायची म्हटली की ओळखीचे दुकानदार आधी विचारतात, नियम कुठला लावू? मी आधी कागद-पेन घ्यायला लावते. कितीच्या खाली विकणं परवडत नाही, तो आकडा हाताशी नसेल तर या वाटेला जाऊच नका.

अर्ध्या किलोचा हिशेब करू, आकडे समजण्यापुरते. माल ४८०, पाऊच आणि खोका २०, कुरियर ७०, निदान सुटायला हवेत ते २५. झाले ५९५. शिवाय किमतीबरोबर वाढणारे खर्च: साइटचं कमिशन, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, काजूवरचा जीएसटी. सगळे मिळून १५ टक्के धरा. पुष्कळजण ५९५ वर १५ टक्के चढवून ६८४ काढतात. पण कापले जातात ते ६८४ चे १५ टक्के, म्हणजे जवळजवळ १०३. सुटणाऱ्या पंचविसातले तेरा-चौदा तिथेच गेले! म्हणून ५९५ ला ०.८५ ने भागा. ७०० येतात. हा तळ.

अ‍ॅमेझॉनच्या सेलर सेंट्रलमध्ये, म्हणजे विक्रेत्यांसाठीच्या साइटवर, ‘ऑटोमेट प्रायसिंग’ ही सोय आहे. तिथे किमान किंमत म्हणून हेच ७०० भरा. कमाल किंमतही भराच. पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त घेणं तर बेकायदाच आहे. २०११ साली अमेरिकेत दोन विक्रेत्यांची मशीनं एकमेकांकडे बघून किंमत बदलत राहिली आणि माश्यांवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत दोन कोटी डॉलरच्या वर गेली. दोघांनीही वरची हद्द घातली नव्हती.

आता नियम. दुसऱ्या कंपनीचा माल विकत असाल, उदाहरणार्थ कुकरची रिंग, तर एकाच पानावर अनेक विक्रेते असतात. गिऱ्हाईकाने तिथलं खरेदीचं बटण दाबलं की ज्या विक्रेत्याचा माल जातो, त्याची ती जागा म्हणजे बाय बॉक्स. त्या बाय बॉक्सच्या किमतीशी बरोबरी करा. रुपयाने खाली जायचा पर्यायही आहे, पण मला तो पटत नाही; समोरच्यानेही तोच लावला की दोघंही तळाला जाऊन बसतात.

स्वतःच्या नावाने काजू भरत असाल तर त्या पानावर तुम्ही एकटेच, मग बरोबरी कोणाशी? तिथे विक्रीवर चालणारा नियम घ्या: ठरवलेल्या दिवसांत अमुक पाकिटं गेली नाहीत तर किंमत थोडी उतरव. मात्र डिसेंबरात गिऱ्हाईक असताना तो बंद ठेवा.

खरी काळजी पुढे आहे. मशीनला तुमची खरेदी कळत नाही. मार्च ते मे नवा काजू येतो, भाव हलतो. पावसात काजू सादळू नये म्हणून आम्ही आत दुसरं पाऊच घालतो, त्याचेही पैसे पडतात. खर्च बदलला त्याच दिवशी कागदावर भागाकार पुन्हा करा, आणि नवी किमान किंमत भरेपर्यंत त्या मालाचा नियम थांबवून ठेवा.