वचन कार्डावर लिहिण्याआधी: पवित्र शास्त्र कसं वाचावं

जालन्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये मी एकवीस वर्षांपासून बायकांच्या घरगुती सभा घेते. बायबल कसं वाचावं यावरचे सल्ले या काळात पुष्कळ ऐकले, आणि त्यातले निम्मे तरी माणसाला शास्त्रापासून दूर नेणारे निघाले. डोळे मिटून पान उघडा, बोट पडेल ती ओळ आजचं वचन. सकाळी फोनवर आलेलं एक वचन वाचलं की झालं. एक जानेवारीला उत्पत्तीपासून धरा आणि वर्षभरात संपवा. हे सगळं मी स्वतः केलं आहे, दुसऱ्यांनाही करायला लावलं आहे. म्हणून हक्काने सांगते, यातलं काही करू नका.

वेळ तुमची तुम्ही ठरवा. पहाटे उठलंच पाहिजे असा नियम शास्त्रात कुठे नाही.

सुरुवात मार्कापासून करा, म्हणजे मार्काने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात. फेब्रुवारीत लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं, तिथे गाडी रुतते, आणि मग वाचणारी बाई स्वतःलाच दोष देत पुस्तक कपाटात ठेवते. असं कितीतरी जणींचं झालेलं पाहिलं आहे. मार्काचे अध्याय फक्त सोळा. मोठ्याने वाचलं तरी दीड तासात होतं. एका दमात जमलं तर उत्तम, नाहीतर तीन बैठकींत. पण सलग. रोज पाच वचनं वाचून येशू कोण हे कळायला महिने लागतील, आणि तोवर पहिलं विसरलेलं असेल.

भाषांतरं दोन जवळ ठेवा. एक मंडळीत वाचतात ते, एक सोप्या मराठीतलं. सोपं मराठी म्हणजे हलकं असा गैरसमज आपल्याकडे जुन्या लोकांत फार आहे. पंडिता रमाबाईंसारख्या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतर हाती घेतलं, ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि अखेरची वर्षं त्यांनी याच कामाला दिली. त्यांना सोपी भाषा कमीपणाची वाटली नाही, तर तुम्हा-आम्हाला वाटायचं काय कारण?

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखात नव्हते. अध्याय तेराव्या शतकात पडले, नव्या कराराला वचनांचे आकडे १५५१ साली लागले. मधली ठळक शीर्षकं तर छापणाऱ्यांची. पौल या प्रेषिताने मंडळ्यांना पत्र लिहिलं ते पत्र म्हणून. घरी आलेल्या पत्रातली मधलीच एक ओळ फाडून घेऊन आपण भिंतीला लावतो का?

इथून पुढे अवघड टप्पा आहे: वचन कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं, कशात असताना सांगितलं, हे शोधणं. बहुतेक जण “संदर्भ पाहा” एवढं सांगून पुढे जातात. मी मात्र इथेच पडले, आणि पडताना दुसरीलाही घेऊन पडले, म्हणून मी इथे थांबणार.

सात-आठ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुमाराला, सभेला येणारी एक बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली. थोरलं लेकरू सासूपाशी, धाकटं कडेवर. ट्रॅक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या हातात एक कार्ड ठेवलं. पोस्टकार्डाएवढं, कडेने फुलांची वेल काढलेली, मध्ये माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं ११वं वचन. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे ते वचन. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं आणि म्हटलं, “जवळ ठेव, या वर्षी सगळं फिटतंय बघ.” हे शेवटचं वाक्य यिर्मयाचं नव्हतं. माझं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत आली. नवऱ्याच्या पायाला कोयता लागून तो महिनाभर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बसून होता. उचल फिटली नव्हती, उलट बाकी पुढच्या हंगामावर चढली होती. सभा उठल्यावर तिने पदराच्या गाठीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते कार्ड काढलं. घडीवर शाई पसरली होती. “बाई, हे तुमच्यापाशीच राहू द्या,” म्हणाली. आवाजात राग नव्हता. उसनं नेलेलं भांडं परत करावं, तसं तिने ते माझ्यापुढे ठेवलं.

त्या रात्री मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. वचन लहानपणापासून पाठ होतं, अध्याय मात्र कधी नीट वाचलाच नव्हता.

यिर्मयाचा २९वा अध्याय हे एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला धाडलेलं, तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने पाडाव करून, म्हणजे कैद करून, नेलेल्या लोकांना. त्यात आधी लिहिलंय की घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे मुक्काम लांबचा आहे. दहाव्या वचनात तर आकडाच आहे, सत्तर वर्षं. त्याच्यामागून अकराव्या वचनात ते हिताचे संकल्प येतात. ते पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस बघायला मिळणार नव्हता, आणि तरी ते वचन त्यांनाच दिलेलं होतं.

मग एक अध्याय मागे गेले आणि पोटात खड्डा पडला. २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. परमेश्वराच्या मंदिरात, सगळ्या लोकांसमोर तो सांगतो की बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांच्या आत परत येईल. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडून टाकतो. लोकांना ऐकून किती बरं वाटलं असेल! पण परमेश्वराने त्याला पाठवलेलं नव्हतं, आणि तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोस, असं यिर्मया त्याला तोंडावर सांगतो. कार्डावर मी नाव यिर्मयाचं लिहिलं होतं आणि त्या बाईला निरोप हनन्याचा दिला होता.

तेव्हापासून माझा नियम आहे. कोणतंही वचन स्वतःसाठी धरण्याआधी किंवा दुसऱ्याला देण्याआधी मागचा अख्खा अध्याय आणि पुढचा अख्खा अध्याय वाचायचा. दोन ओळी वर, दोन ओळी खाली, एवढ्याने भागत नाही. यिर्मयाच्या बाबतीत तेवढ्याने सत्तर वर्षं दिसली असती, हनन्या दिसला नसता. वाचून झालं की वही उघडायची. उजव्या पानावर, देवाने इथे काय द्यायचं कबूल केलं आहे ते लिहायचं. डाव्या पानावर, मला हवं आहे पण इथे कबूल केलेलं नाही, ते. डावं पान लिहिताना हात जड होतो. तरी लिहायचंच. विश्वास उजव्या पानावर ठेवायचा असतो, आणि आपल्यातल्या बहुतेकांचा विश्वास तुटतो तो डाव्या पानावर ठेवलेला असतो.

यावर मला नेहमी विचारतात, मग ते वचन आपल्यासाठी नाहीच का? आहे. पूर्वी जे लिहिलं ते सगळं आपल्या शिक्षणाकरता लिहिलं, असं रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात पौल सांगतो. पण ते आपल्यापर्यंत येतं ते त्या पाडाव झालेल्या माणसांच्या घरांवरून, त्यांना वगळून नाही. पुढच्या आठवड्यात मी त्या बाईच्या घरी गेले, क्षमा मागितली आणि ते पूर्ण पत्र वाचून दाखवलं. घरं बांधा, मळे लावा, तिथल्या नगरासाठी प्रार्थना करा, इथवर आले तशी ती म्हणाली, “म्हंजी तिकडं कोपीवर बी तो व्हताच की, बाई.” मी हो म्हटलं आणि पुढचं वाचत राहिले. या खेपेला पदरचं एकही वाक्य जोडलं नाही.

ज्यांना हा किस काढणं वाटतं, त्यांनी मत्तयाचा चौथा अध्याय बघावा. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून सैतान त्याला खाली उडी टाकायला सांगतो, तेव्हा तो ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो. शब्द शास्त्रातलेच आहेत. मात्र मूळ स्तोत्रात “तुझ्या सर्व मार्गांत” रक्षण असं आहे, ते त्याच्या तोंडी येत नाही. येशू उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, आणि तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून, जिथे रानातून चाललेल्या लोकांनी देवाची परीक्षा पाहिल्याची आठवण आहे. दोघांनाही शास्त्र पाठ होतं. पाठ असण्यावर माझा आता भरवसा नाही.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने अभ्यासाच्या टेबलासमोर पौलाच्या पत्रातलं फिलिप्पै ४:१३ चिकटवलं होतं, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सर्व काही करू शकतो, हे. कागद काढ असं मी म्हटलं नाही. पत्र चारच अध्यायांचं आहे, पाव तासात वाचून होतं. दोघींनी खोलीत बसून मोठ्याने वाचलं. पौल बंधनात आहे हे पहिल्याच अध्यायात कळलं. १२व्या वचनात भरल्या पोटी राहणं आणि उपाशी राहणं, दोन्ही शिकलो असं तो म्हणतो. तिने विचारलं, “मग मार्क कमी पडले तरी हे लागू आहे?” म्हटलं, लागू आहे, त्यासाठीच लिहिलंय. तिने त्याच कागदावर वर १२वं वचन लिहून घेतलं.

पुढचं सोपं आहे.

शास्त्रातली नावं आणि उल्लेख एकमेकांत शोधत जा. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल गाव आहे. नाव सगळ्यांना ठाऊक, पण उत्पत्ती २८ काढून वाचलेले थोडे. घर सोडून निघालेला याकोब, रात्रीची उघड्यावरची झोप, उशाला धोंडा. तिथे त्याला देव भेटला, म्हणून ते बेथेल, देवाचं घर.

एकट्याने लावलेला अर्थ मंडळीत चारचौघांपुढे बोलून पाहा. आणि पाळकांचं, प्रवचनकारांचं, माझंही बोलणं शास्त्राशी ताडून पाहा. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयातले लोक पौलासारख्याचं ऐकून रोज शास्त्र तपासत होते, आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांचं कौतुक करतो. शास्त्रावर विश्वास आणि सांगणाऱ्यावर विश्वास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे आजारपण आणि कर्ज घेऊन आलेल्या माणसाला दोन्ही एकत्र बांधून दिलं जातं, आणि त्याचं फार नुकसान होतं.

कळलं तेवढं करा. “क्षमा करा” हे समजायला शब्दकोश लागत नाही. बांधावरून बोलणं बंद झालेल्या जावेकडे जाऊन या, मग पुढचा अध्याय उघडा. न कळलेल्यावर पेन्सिलीने खूण करून सोडून द्या. माझ्या बायबलात अशा खुणा अजून पुष्कळ आहेत.

वाचता येत नसेल तर ऐका. आमच्या आज्यांच्या काळी बायबलबाई घरोघर जाऊन वाचून दाखवायच्या, आता ध्वनिमुद्रित बायबल फोनमध्ये मिळतं. कोपीवर रेंज आणि चार्जिंग दोन्हींचे हाल, म्हणून निघण्याआधी मेमरी कार्डात भरून घ्यायचं. ती बाई गेल्या हंगामाला निघाली तेव्हा आधी मार्क भरून घेतला. मग म्हणाली, “ते पत्राचंबी टाका.” नुसतं पत्र कशाला म्हणून मी सगळा यिर्मया भरून दिला. ५२ अध्याय आहेत, हंगामभर पुरले.