बॉबिन लेसची स्वस्तातली उशी करताय? आधी या चुका टाळा

सगळा घोळ नावात आहे. उशी म्हटलं की माणूस मऊ काहीतरी शोधायला निघतो. बॉबिन लेस म्हणजे बॉबिनवर, म्हणजे छोट्या दांड्यांवर गुंडाळलेले दोरे उशीत टोचलेल्या टाचण्यांभोवती विणून केलेली लेस, आणि तिची उशी मऊ नसतेच मुळी. युरोपात जुन्या उशा गवताच्या काड्या ठोकून ठोकून भरायचे, हाताला पार दगड लागतात. तिला एकच काम, टाचणी घट्ट धरायची. आपण क्लासच्या मुलींसाठी फोमची करतो कारण ती स्वस्त, हलकी आणि बसमधून नेता येते, पण काम तेच राहतं ना.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, गादीवाल्याकडून चार इंची फोम कापून आणलेला, त्यावर खणाचं कव्हर, कडेला पायपिंग, सगळ्यांनी फोटो काढले. मग बसवली साधी टॉर्शनची, म्हणजे सोप्या भौमितिक नमुन्याच्या लेसची पट्टी, बॉबिनच्या दहा जोड्या. क्लॉथ स्टिचची, म्हणजे कापडासारख्या घट्ट विणीची ओळ झाली, दोरे ओढले की कडेची टाचणी आत झुकायची, सोडले की परत उभी. पट्टी अशी नागमोडी निघाली की विचारू नका. त्यांना वाटलं आपला हातच वाईट, आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं, दोन क्लास मी त्यांचं दोरे ओढणं सुधारत बसले! तिसऱ्या वेळी सहज टाचणीला बोट लावलं तर दुधाचा दात हलावा तशी जागच्या जागी हलली. उशी बदलली, कड सरळ आली. म्हणजे त्या बाईंचे दोन क्लास वाया गेले ते माझ्यामुळे.

तेव्हापासून गादीचा फोम क्लासमध्ये बंद. थर्माकोल घ्या, पण फ्रिजच्या खोक्यातला फुसका नको, त्याचे दाणे आठवड्यात सुटायला लागतात. दुकानदार घनतेबद्दल काहीही सांगतो, मी सरळ किचनच्या वजनकाट्यावर ठेवते. 40 बाय 40 सेंमी, जाडी 5 सेंमी, असा तुकडा 200 ग्रॅमच्या आसपास भरला तर उत्तम, 100 च्या खाली असेल तर परत द्या. पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम घट्ट मिळाला तर आणखी चांगला, त्यात भोकं बऱ्यापैकी मिटतात.

5 सेंमी म्हणजे 5 सेंमी. एक इंची शीटवर काम करून टाचण्या डायनिंग टेबलात रुतवणारे लोक मी पाहिलेत.

आता चिकटवणं. एक इंची दोन शीट जोडायच्या म्हणून लोक ते पिवळं रबर सोल्यूशन लावतात, चपलेला लावतात ते. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. हे मला माहीत होतं, तरी वर्कशॉपच्या आदल्या रात्री घाईत लावलंच, आठ उशा होत्या, म्हटलं पातळ थर आहे काय होतंय. सकाळी आतून खड्डे पडलेले, वरून दाबलं की बोट आत. आठही गेल्या, आणि मी सकाळी साडेसातला स्टेशनरीवाल्याचं शटर वाजवत उभी! स्प्रे पेंटनेही हेच होतं. पांढरा फेविकॉल चालतो पण दोन शीटच्या मध्ये हवा लागत नाही, सुकायला दिवस जातात, आणि सुकला की त्याचा कडक थर टाचणी वाकवतो. म्हणून मी आता चिकटवतच नाही. कडेने पॅकिंग टेप, वर ताणून कव्हर, झालं. खाली पुठ्ठाही लावत नाही, कारण शिकणारा माणूस मधल्या त्याच चार इंचांत टोचत राहतो, एक बाजू चाळणी झाली की उशी उलटी करायची.

कडा मात्र ब्रेडच्या सुरीने उतरत्या करा आणि पॉलिशपेपर मारा, नाहीतर दोरे काठावर घासतात. गॅसवर सुरी तापवून थर्माकोल कापू नका, धूर घशात बसतो. व्हिडिओत करतात म्हणे. करू देत.

कव्हरखाली जुन्या लोकरी ब्लँकेटचा एकच थर. कव्हर गडद रंगाचं सुती, आधी दोनदा धुतलेलं, नाहीतर पांढऱ्या दोऱ्याला रंग लागतो. सॅटिन नको, बॉबिन घसरतात. वेल्वेट नको, दोरा अडकतो.

टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस. ऑफिसातल्या साध्या टाचण्या पावसाळ्यात गंजतात, आणि लेसवर प्रत्येक भोकाशी एक तपकिरी ठिपका उमटतो. तो ठिपका मी लिंबू, मीठ, ऊन सगळं करून पाहिलंय. पूर्ण जात नाही.