कार्ड खिशात, नाव यादीत नाही: मतदानाआधी या चुका टाळा

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात हमखास ऐकू येणारा वाद म्हणजे, "हे बघा माझं कार्ड, गेल्या वेळी इथंच मत दिलंय." आतला कर्मचारी यादीवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "नाव नाही, काका." अशा वेळी मतदार कार्ड कितीही चकचकीत असलं तरी उपयोग नाही. मत द्यायला मिळतं ते यादीत नाव आहे म्हणून. यादीतला तो माणूस तुम्हीच, एवढंच कार्ड सांगतं. पण आपल्याकडं कार्ड आलं की लोक निवांत होतात, आणि यादीकडं थेट मतदानाच्या सकाळी बघतात.

म्हणून आधी यादी. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाईल ॲपवर कार्डाच्या क्रमांकानं नाव शोधता येतं, नाहीतर १९५० ला फोन करा. कार्ड फार जुनं असेल आणि त्यावर तिरक्या रेघांचा लांबलचक क्रमांक असेल, तर शोधात काही सापडणार नाही; हल्लीचा क्रमांक तीन अक्षरं आणि सात अंकांचा असतो. मग नाव, वय आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालून शोधा. 'पाटील' आडनावावर कोल्हापूरच्या एकट्या करवीर तालुक्यात किती माणसं निघतील याचा अंदाज घ्या आणि माहिती पुरी भरा. छापील यादी बघत असाल तर मागची पुरवणी यादीही चाळा. नवी नावं आणि वगळलेली नावं तिथंच असतात.

घर बदललं, नाव पेठेतच

कोल्हापुरात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. शिवाजी पेठेतलं भावकीचं घर सोडून माणूस पाचगावला नाहीतर कळंब्याला फ्लॅटमध्ये जातो. लोकसभेला दोन्हीकडं कोल्हापूरच, त्यामुळं काही बदललंय असं वाटत नाही. विधानसभेला मात्र पेठ 'कोल्हापूर उत्तर' मतदारसंघात आणि पाचगाव 'कोल्हापूर दक्षिण'मध्ये. "राहू दे की नाव तिथंच, मतदानाला पेठेत जाऊन येऊ," हा विचार सोयीचा आहे, पण कायद्याला तुम्ही नेहमी राहता तोच पत्ता लागतो. बीएलओ, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी, घरी आले आणि तुम्ही तिथं राहत नाही असं कळलं, तर नाव गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांच्या यादीत जाऊ शकतं. मग केंद्रावर ओळख जास्त कसून तपासतात, अंगठाही घेतात.

याहून वाईट चूक म्हणजे नव्या पत्त्यावर सरळ नमुना ६ भरून टाकणं. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी असतो. जुनं नाव तसंच ठेवून दुसरं घातलं की दोन ठिकाणी नोंद होते, आणि त्याला कायद्यानं मनाई आहे. अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पत्ता बदलायचा तर नमुना ८. गडहिंग्लजचं माहेर सोडून कोल्हापुरात सासरी आलेल्या मुलीसाठीही हाच अर्ज. नाव, फोटो, जन्मतारीख दुरुस्त करायची असेल किंवा हरवलेल्या कार्डाच्या बदली नवं हवं असेल, तरी नमुना ८ च. फक्त आतला पर्याय नीट बघून निवडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजून लगदा झालेली कार्डं अजून काही घरांत देवाच्या फोटोमागं ठेवलेली असतील. ती तशीच घेऊन केंद्रावर जाऊ नका, बदली कार्ड मागवा.

आणि हे सगळं निवडणूक जाहीर होण्याआधी करा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव घालता येत नाही. अर्जावर हरकतीसाठी काही दिवस जातात, म्हणजे खरी मुदत त्याच्याही आधी संपते.

केंद्रावर काय चालतं, काय नाही

यादीत नाव आहे पण मतदार कार्ड सापडत नाही, एवढ्यावरून घरी बसू नका. लोकसभा-विधानसभेला आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटोचं पेन्शनचं कागदपत्र, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड, सरकारी नोकरीचं ओळखपत्र असे पर्याय चालतात. रेशनकार्ड त्यात नाही. कॉलेजचं ओळखपत्रही नाही. पतसंस्थेच्या पासबुकावर फोटो असला तरी आयोगाच्या कागदपत्रांच्या यादीत शब्द आहेत 'बँक' आणि 'पोस्ट', तेव्हा त्यावर विसंबू नका. गोकुळ शिरगावातल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याचं गळ्यातलं कार्डही नको.

मतदार चिठ्ठीचा गैरसमज तर जाता जात नाही. चिठ्ठीवर केंद्र, यादी भाग आणि अनुक्रमांक कळतो, रांगेतला वेळ वाचतो. ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून ती चालत नाही. केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते देतात त्या चिठ्ठीचंही तेच.

मूळ कागद न्या, झेरॉक्स नको. मोबाईलवर दाखवीन म्हणाल तर मोबाईल केंद्रात नेता येत नाही, मग डिजिलॉकर कुणाला दाखवणार? ई-मतदार कार्ड डाऊनलोड केलं असेल तर प्रिंट काढून ठेवा.

एका बाबतीत मात्र उगाच घाबरायचं कारण नाही. कार्डावर 'सुर्यवंशी' आणि आधारवर 'सूर्यवंशी' असेल, तर एवढ्यावरून परत पाठवायचं नसतं. ओळख पटत असेल तर असल्या किरकोळ चुका सोडून द्यायच्या, असा आयोगाचाच आदेश आहे. कार्ड दुसऱ्या मतदारसंघातलं असलं तरी चालतं, नाव या केंद्राच्या यादीत पाहिजे. फोटोच जुळत नसेल, मिशी फुटायच्या आधीचा असेल, तर दुसरा पुरावा सोबत ठेवा.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच, प्रभागाप्रमाणे फोडलेली. महापालिकेत वेगळं नाव घालायची सोय नसते. ओळखीच्या कागदपत्रांची यादी मात्र त्या निवडणुकीच्या आदेशात बघून घ्या.

सगळं बरोबर असूनही आत गेल्यावर "तुमचं मत झालंय" असं ऐकू आलं, तर भांडत बसू नका आणि निघूनही जाऊ नका. केंद्राध्यक्षांना ओळखपत्र दाखवून प्रदत्त मत मागा. ओळख पटली की मशीनवर नाही, पण कागदी मतपत्रिकेवर तुमचं मत घेतलं जातं आणि ते वेगळ्या पाकिटात ठेवतात.