अख्खा कम्प्युटर जपून कसा ठेवायचा: इमेज, दोन डिस्का आणि एक चाचणी

२०२३ च्या जुलैत एक रुपयात पीक विमा पहिल्यांदाच सुरू झाला होता. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. त्या दिवसांत सकाळी सातलाच माणसं सातबारा आणि पासबुकाची पिशवी घेऊन ओट्यावर येऊन बसायची. ३१ तारीख शेवटची होती. २९ ला सकाळी मी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, की बूट करायला, म्हणजे कम्प्युटर सुरू करायला, डिस्क सापडत नाही. कॅबिनेट उघडून कान लावला. आतून टिक, टिक, मग थोडं थांबून पुन्हा टिक असा आवाज येत होता. सहा वर्षं चाललेली हार्ड डिस्क गेली होती.

ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "ताई, कम्प्युटर मेला म्हन्ता, मंग मायं नाव लागन का नाई?"

माझ्याकडे फायलींचा बॅकअप होता. लोकांचे अर्ज, माझा हिशोब, लग्नपत्रिकांचं काम, सगळं पेन ड्राइव्हवर होतं, त्यातलं काहीही गेलं नाही. तरीही केंद्र अडीच दिवस बंद राहिलं. तालुक्याला जाऊन नवी डिस्क आणली, विंडोज तासाभरात चढलं, आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. प्रिंटरचा ड्रायव्हर (तो कम्प्युटरशी जोडून देणारं सॉफ्टवेअर), स्कॅनरचा ड्रायव्हर, अंगठ्याचं मशीन ज्याच्यावर चालतं ती आरडी सर्व्हिस, डिजिटल सही ज्याच्यात असते त्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमधल्या परवानग्या, श्रीलिपीचे फॉन्ट. एकेक गोष्ट शोधायची, मोबाइलच्या नेटवर उतरवायची, चालते का बघायची. विम्याची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून बाबांचं नाव लागलं. वाढली नसती तर मी त्यांना काय सांगितलं असतं, हे मला अजूनही सुचत नाही.

तेव्हापासून मी फायलींबरोबर अख्खी डिस्क जपते. विंडोज, प्रोग्राम, ड्रायव्हर, सेटिंग, सगळं आहे तसं एका मोठ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायचं. याला इमेज म्हणतात. डिस्क मेली की नव्या डिस्कवर ती इमेज ओतायची आणि कम्प्युटर होता तसा उभा करायचा. गावाकडे केंद्र, झेरॉक्सचं दुकान, कृषी केंद्राचं बिलिंग, पतसंस्थेचा कम्प्युटर असं काहीही चालवत असाल तर हे तुम्हाला जमेल. कम्प्युटरचं शिक्षण लागत नाही, एक मोकळी सकाळ लागते.

सामान थोडकं आहे. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आणि १ टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्का. दोन का, ते पुढे सांगते. सॉफ्टवेअर मी रेस्क्यूझिला वापरते. फुकट आहे, माउसने चालतं, आणि विंडोज सुरूच होत नसेल तरी पेन ड्राइव्हवरून चालू होतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ नावाखाली सिस्टम इमेजची सोय अजून दिसते, पण मायक्रोसॉफ्टने तिच्यावर काम करणं केव्हाच थांबवलंय, म्हणून मी तिच्या भरवशावर राहत नाही.

रेस्क्यूझिलाची आयएसओ फाइल (अख्खं सॉफ्टवेअर एकाच फाइलमध्ये) त्यांच्याच साइटवरून उतरवा आणि रूफस किंवा बॅलेना एचर हे सॉफ्टवेअर वापरून पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी केली तर पेन ड्राइव्ह बूट होणार नाही. लिहिताना त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लेकराच्या वाढदिवसाचे फोटो त्यात नाहीत ना, ते बघून घ्या.

इमेज घेण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते निळ्यात ‘गुड’ दाखवत असेल तर ठीक. पिवळ्यात ‘कॉशन’ दिसलं, त्यातही रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचे, आकडे वाढत असतील, तर नवी डिस्क त्याच आठवड्यात आणा. अशा आजारी डिस्कवर विंडोजची चेक डिस्क दुरुस्ती चालवू नका. जेवढा जीव तिच्यात उरलाय तेवढा माल बाहेर काढण्यात खर्च व्हावा, दुरुस्तीच्या रगड्यात नको. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क, असेल तर आणखी सावध राहा, कारण ती बऱ्याचदा आवाज न करता, काही न सांगता एका दिवशी बंद पडते.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ पुष्कळदा आपल्याला न कळता डिस्क कुलूपबंद करून ठेवतं. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं तर त्याची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कुलूप असलेल्या डिस्कमधला भरलेला भाग कुठला आणि रिकामा कुठला हे रेस्क्यूझिलाला कळत नाही, म्हणून ते सगळीच डिस्क उचलतं आणि इमेज अवाढव्य होते. मी माझ्या मशीनवर ते बंद ठेवलंय आणि डिस्का कपाटात कुलपात ठेवते.

आता प्रत्यक्ष काम. आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चालू डिस्क हातात धरवत नाही. म्हणून मी पहाटे पाचला बसते. इन्व्हर्टर रात्रीच पूर्ण भरून घेते. नुसत्या छोट्या यूपीएसवर हे काम करू नका. लाइट गेली तर तो दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, आणि अर्धी इमेज काही कामाची नसते.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क लावा आणि विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करा. ‘शटडाउन’ नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. कम्प्युटर सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. माझ्याकडे ते एफ१२ आहे, काही मशीनवर एफ९, एफ११ किंवा एस्केप असतं. मेनूत पेन ड्राइव्ह निवडा. रेस्क्यूझिला उघडलं की ‘बॅकअप’ दाबा. आधी ते विचारतं कुठल्या डिस्कची इमेज घ्यायची. तिथे नावावर जाऊ नका, साइज बघा. माझी आतली एसएसडी ४८० जीबीची आहे आणि बाहेरची १ टीबीची, त्यामुळे घोटाळा होत नाही.

मग डिस्कच्या भागांची यादी येते. इथे जरा थांबा, कारण मी पहिल्यांदा इथेच फसले. यादीत सी ड्राइव्हचा मोठा भाग होता आणि त्याच्या आगेमागे १०० एमबी, १६ एमबी, ५०० एमबी असे बारके तुकडे होते. मला वाटलं हे बारके कशाला, म्हणून त्यांच्या खुणा काढून टाकल्या. त्यातला १०० एमबीचा तुकडा ईएफआय भाग होता. कम्प्युटर सुरू होताना विंडोज कुठून उचलायचं हे त्याच्यातच लिहिलेलं असतं. तो नसेल तर सी ड्राइव्ह सहीसलामत असूनही मशीन उठत नाही. यादीत जे जे आहे त्या सगळ्यावर खूण ठेवा.

पुढे बाहेरची डिस्क निवडा, फोल्डर ठरवा, नावात तारीख घाला आणि सुरू करा. माझ्या डिस्कवर साधारण १२० जीबी भरलेलं असतं. ते दाबून सत्तरेक जीबीत बसतं आणि पाऊण तास लागतो. केबल निळ्या यूएसबीत लावा, काळ्यात लावली तर सकाळची दुपार होते. संपलं की ‘व्हेरिफाय इमेज’ चालवा, चहा होईपर्यंत तेही होतं.

काम झालं की बाहेरची डिस्क काढून ठेवा. जूनमध्ये आमच्याकडे जो विजांचा कडकडाट होतो, त्यात वायरीवाटे आलेला झटका कम्प्युटरला लावलेल्या सगळ्याच वस्तूंना लागू शकतो. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर तोही लावलेल्या डिस्कवर जातो. एक डिस्क केंद्रातल्या कपाटात असते, दुसरी माझ्या माहेरी, सहा किलोमीटरवर, आईच्या ट्रंकेत साड्यांखाली. आई तिला काळी डबी म्हणते. मंगळवारी आठवडी बाजाराला आई येते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी ताजी इमेज घेतलेली डिस्क तिच्या पिशवीत देते आणि जुनी परत घेते. केंद्राला आग लागली किंवा चोरी झाली तरी एक डिस्क गावाबाहेर आहे. नेताना गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका. प्रत्येक डिस्कवर मागच्या तीन इमेज राहू द्या, कारण बिघाड कधी कधी ताज्या इमेजमध्येही शिरलेला असतो.

महिन्याची इमेज म्हणजे महिन्याभराचं नवं काम तिच्यात नसणार. म्हणून रोजच्या फायली रोज संध्याकाळी वेगळ्या कॉपी करायच्याच. शिवाय सीझन लागण्याआधी, म्हणजे विमा आणि शिष्यवृत्तीच्या गर्दीआधी, एक जास्तीची इमेज घ्यायची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी ११ वर गेले तेव्हाही आदल्या पहाटे इमेज घेतली होती.

आता चाचणी. घेतलेली इमेज खरंच उभी राहते का हे एकदा तरी बघाच. मी तान्ह्या पोळ्याला केंद्र बंद असताना बघितलं. मूळ डिस्कची केबल आधी काढली, म्हणजे चुकून तिच्यावरच ओतलं जाण्याची भीती नाही. तिच्या जागी नवी एसएसडी लावली. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, थोडीही लहान असली तर इमेज बसत नाही. पेन ड्राइव्हवरून ‘रिस्टोअर’ दाबलं, इमेज निवडली, डिस्क निवडली, अर्ध्या तासाने पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं. आणि तोच काळा पडदा. ईएफआय भागाची चूक मला त्या दिवशी कळली. बाहेर लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरत होती, मी आत मूळ डिस्क परत लावून पूर्ण इमेज नव्याने घेत होते. दुसऱ्या खेपेला विंडोज उघडलं, प्रिंटरने पान काढलं, अंगठ्याच्या मशीनचा लाल दिवा लागला. मी माझाच अंगठा ठेवून बघितला, घेतला. ओतलेली आणि मूळ अशा दोन्ही डिस्का मात्र एकाच वेळी लावू नका. दोघींची ओळख एकच असते आणि विंडोज गोंधळतं.

मदरबोर्डच जळाला आणि नवं मशीन घ्यावं लागलं तर ही इमेज त्याच्यावर बहुतेकदा उठते, पण बूटची पद्धत दोन्हीकडे सारखी हवी, जुन्यावर यूईएफआय (नव्या मशीनची बूट पद्धत) तर नव्यावरही यूईएफआय. काही ड्रायव्हर नव्याने टाकावे लागतात. मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स जुन्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, ते सोबत येत नाही. डिजिटल सहीची गुप्त किल्ली तर टोकनच्या आतच असते, ती कुठल्याच इमेजमध्ये उतरत नाही, म्हणून टोकन डोळ्यात तेल घालून जपा.

आणखी एक. इमेज म्हणजे आपल्याकडे आलेल्या लोकांचे आधार आणि पासबुक यांच्या स्कॅनसकट सगळं. काम झालेले स्कॅन मी दर शनिवारी पुसते, इमेजच्या आदल्या दिवशी पुन्हा बघते. लोक विश्वासाने कागद देतात, ते आईच्या ट्रंकेत कायमचे पडून राहायला नकोत.

रेस्क्यूझिलाचा पेन ड्राइव्ह मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्याच्या खाली वहीचं एक पान आहे: एफ१२, पेन ड्राइव्ह, रिस्टोअर, सगळ्यात नव्या तारखेचं फोल्डर, ४८० जीबीची डिस्क. मी नसताना केंद्र सांभाळणाऱ्या माझ्या भाचीने ते वाचून मागच्या उन्हाळ्यात एकटीने इमेज ओतून दाखवली.