शाळेच्या मुक्कामी शिबिराची आखणी रात्रीपासून सुरू करावी

एका दिवसाच्या सहलीत आणि मुक्कामी शिबिरात खरा फरक रात्रीचा असतो. त्यामुळे खेळ आणि पदभ्रमणाचे वेळापत्रक मांडण्याआधी मुले कुठे झोपतील, रात्री शौचाला कशी जातील आणि मध्यरात्री एखादे मूल आजारी पडल्यास त्याला कोणत्या वाहनाने, कोणत्या रुग्णालयात नेता येईल, हे ठरवावे. शिबिरप्रमुखाने त्या जागी स्वतः एक रात्र राहून यावे, कारण अंधारात वाट दिसते का आणि मोबाइलला संपर्क मिळतो का, हे दुपारच्या धावत्या भेटीत कळत नाही.

तंबूंसाठी पाण्याचा निचरा होणारी, थोडी उंचावरची जागा निवडावी. कोरड्या ओढ्याच्या पात्रातील मऊ वाळूचा मोह पडतो, पण वरच्या डोंगरात पाऊस झाला तर तळावर थेंबही न पडता तिथे लोंढा येऊ शकतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर सर्वांना पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर सोडू नये. तंबू विजेपासून वाचवत नाही. म्हणून पक्का निवारा जवळ नसलेली जागा, कितीही रम्य असली तरी, वादळी दिवसांत मी नाकारेन.

थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा धुमसते निखारे नेऊ नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्यांना तो कळतही नाही. पिण्याचे पाणी शंकास्पद असल्यास खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्यावे.

संमतिपत्रावरील ‘प्रकृती उत्तम’ या शब्दांवर विसंबू नये. दमा, फिट येणे, ॲलर्जी आणि चालू औषधे यांबरोबरच झोपेत चालणे किंवा अंथरूण ओले होणे यांविषयी प्रत्येक पालकाशी खासगीत बोलावे. संकोचापोटी या गोष्टी बहुधा कागदावर येत नाहीत.

मुलांच्या तंबूत कोणत्याही प्रौढाने झोपू नये. शिक्षकांचे तंबू रांगेच्या दोन्ही टोकांना असावेत आणि जागे राहण्याच्या पाळ्या ठरलेल्या असाव्यात. हजेरी डोकी मोजून नव्हे, तर नावानिशी घ्यावी. पहिल्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी सर्व मुलांना तंबूपासून शौचालयापर्यंत एकदा चालवत न्यावे आणि अंधार पडल्यावर तीच वाट बॅटरी घेऊन जोडीने पुन्हा चालायला लावावी.