झाडाच्या वलयांतून आम्लवर्षेचा परिणाम कसा वाचावा

समशीतोष्ण जंगलातील झाडांची वाढ आम्लवर्षेमुळे खुंटली आहे का, हे ठरवताना पिवळ्या पानांवर विसंबू नये. सुरुवात मातीपासून करावी, कारण खरा घाव तिथेच बसतो. आम्लवर्षेतले सल्फेट आणि नायट्रेट मातीतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत वाहून नेतात. मातीचा सामू (pH, आम्लतेचे माप; जितका कमी तितकी आम्लता जास्त) 5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि बारीक मुळांना इजा करून त्यांचे कॅल्शियमचे शोषण अडवते. म्हणून मुळांच्या खोलीवरचे मातीतील पाणी तपासावे; त्यातील कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे मोलर गुणोत्तर (वजनाऐवजी कणांच्या संख्येवरून काढलेले प्रमाण) 1 च्या खाली असल्यास तो धोक्याचा इशारा समजतात.

त्यानंतर पोकळ गिरमिटाने, जमिनीपासून सुमारे 1.3 मीटर उंचीवर, प्रत्येक झाडाच्या दोन बाजूंनी लाकडाचे नमुने काढावेत. उतारावरच्या झाडाची वलये चढाच्या आणि उताराच्या बाजूंना असमान वाढतात, त्यामुळे तिथे गिरमिट उताराला आडवे लावावे. पेन्सिलीपेक्षाही बारीक असलेली ही लाकडी कांडी खाचेच्या पट्टीवर तंतू उभे राहतील अशाच बेताने चिकटवावी. ती जराशी फिरली तरी वलयांच्या कडा पुसट होतात आणि सारी मेहनत वाया जाते. घासकागदाने गुळगुळीत केल्यावर वसंतातले फिकट आणि हंगामाच्या अखेरचे गडद लाकूड वेगळे दिसते.

अरुंद वलय हा एकट्याने पुरावा ठरत नाही, हे मी आग्रहाने सांगेन. दुष्काळ, कीड आणि झाडाचे वय यांनीही वलये अरुंद होतात. उलट पावसातून येणारा नायट्रोजन काही काळ खतासारखा काम करून हानी झाकतो. त्यामुळे त्याच हवामानातील, त्याच वयाची, पण चुनखडीयुक्त मातीतली झाडे तुलनेसाठी घ्यावीत.

लाल स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बाबतीत हिवाळ्याच्या नोंदीही पाहाव्यात, कारण सुयांतील (सुईसारख्या पानांतील) कॅल्शियम घटले की त्यांची थंडी सोसण्याची शक्ती कमी होते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक या संशोधन-जंगलात 1999 मध्ये एका पाणलोट क्षेत्रावर कॅल्शियम सिलिकेट पसरण्यात आले. 2003 च्या हिवाळ्यात तिथल्या स्प्रूसच्या सुया शेजारच्या क्षेत्रापेक्षा कमी करपल्या आणि शुगर मेपलची झाडेही सुधारली. कॅल्शियमच्या कमतरतेचा दोष इतका स्पष्ट दाखवणारा प्रयोग विरळाच.

अलीकडची वलये रुंद दिसली तरी माती सावरली असे लगेच मानू नये, कारण सौम्य हिवाळ्यांनीही वाढ सुधारते. काही वर्षांनी त्याच जागेवरून, त्याच खोलीवरून मातीतील पाण्याचे पुन्हा नमुने घ्यावेत.